खंडेनवमीला पुजलेली नोटीस

यज्ञेश्वरपंत वकील चिडले की आधी उपरणं झटकत. उपरणं झटकलं की त्यांच्या पत्नी गिरिजाबाई हातातलं काम टाकून स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहत, कारण पुढं काय होणार ते त्यांना पाठ होतं. त्या खंडेनवमीच्या सकाळी शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरात उपरणं एकदा नाही, तीनदा झटकलं गेलं.

"आज मोटार घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकणार नाही," पंत म्हणाले. "दोन महिने झाले गं! दोन महिन्यांत माणसं काशी करून येतात. खटले निकाली निघतात."

"तुमचे नाही निघत," गिरिजाबाई म्हणाल्या.

पंतांनी तिकडं दुर्लक्ष केलं. तेवढ्यात ओसरीवर दुधनीहून आलेला एक अशील उभा राहिला. बिचाऱ्याला एक अर्ज लिहून हवा होता, चारच ओळींचा. पंतांनी त्याला देवघराकडं बोट दाखवलं. पाटावर कायद्याची जाडजूड पुस्तकं रचलेली, त्यांवर पंतांचं फाउंटन पेन, पेनावर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. "आज लेखणी पूजेत आहे," पंत म्हणाले. "चार ओळी काय, आज मी एक अक्षर लिहिणार नाही. दसरा होऊ दे, मग ये." अशील मुकाट्यानं परत गेला. पंत टोपी घालून विजापूर वेशीकडं निघाले.

आता ह्या मोटारीची कथा सांगायला हवी, नाहीतर पंतांचा राग कळायचा नाही. मार्शल लॉ उठून तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. एक गिरणीवाला साहेब कायमचा विलायतेला निघाला, जाताना त्यानं आपली जुनी मोटार पंतांना विकली. काळी, उंच, कापडी टपाची. सोलापुरात तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या नसल्या तरी वकिलांत मोटार असलेले हे दुसरेच. मोटार दारात आली त्या दिवशी पंतांनी तिच्याभोवती इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की गिरिजाबाई म्हणाल्या, "लग्नात सातच घातल्या होत्यात."

आणि त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं, प्रभाचं, लग्न झालं. वैरागला दिली. सासरे शाळामास्तर, नवरा शाळामास्तर, घर चांगलं. पंतांनी जाताना तिला सांगितलं होतं, "नागपंचमीला मी स्वतः न्यायला येईन. आपल्या मोटारीतून." ही गोष्ट प्रभानं सासरी सांगितली, सासूबाईंनी ती आळीत सांगितली, आणि नागपंचमीला सगळी आळी दारात.

आणि मोटार वडाळ्याच्या ओढ्याशी बंद पडली.

बंद पडली तर पडली. मागून वैरागला जाणाऱ्या तीन बैलगाड्या गेल्या, बार्शीची सर्व्हिस मोटार गेली. सगळ्यांनी विचारलं, येता का? पण नाही! मोटार रस्त्यात टाकून जायला पंतांचा जीव होईना. दिवसभर तिच्या पायरीवर बसून राहिले, आणि दिवेलागणीला दोन बैल जोडून तिला उलटी सोलापुरात आणली. तिकडं पोरगी सकाळपासून नवं लुगडं नेसून, बोचकं बांधून उंबऱ्यात बसलेली. सासूबाई वाईट नव्हत्या हो, पण जिभेला हाड नाही म्हणतात तशातल्या. दर तासाला विचारत, "काय गं, आली का मोटार?" रात्री प्रभानं बोचकं सोडलं.

हे पंतांना नंतर कळलं, आणि फार लागलं. त्यांनी मनाशी धरलं, की दसऱ्याला मोटार वैरागच्या त्या आळीत उभी करायचीच. हॉर्न असा वाजवायचा, की विहीणबाईंच्या हातातली पळी खाली पडली पाहिजे. आणि प्रभाला दिवाळसणासाठी घेऊन यायचं. तसं पत्रही धाडलं. म्हणून तर मोटार मायाप्पाकडं दिली.

मायाप्पा मूळचा सांगोल्याकडचा. बाप मेंढरं राखायचा. हा पहिल्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, तिथं मोटारी शिकला, आणि परत आल्यावर विजापूर वेशीबाहेर पत्र्याची शेड घालून बसला. हाताला यश होतं, त्यात वाद नाही. पण पद्धत सगळी मेंढपाळाची. मोटार आली की आधी तिच्या नाकाडावर हात ठेवून डोळे मिटून उभा राहायचा. मग म्हणायचा, "कन्हतीया." कुठं दुखतं ते सापडल्याशिवाय मोटार बाहेर सोडायची नाही, मालकानं कितीही आदळआपट केली तरी. आजारी जनावर कुणी कळपाबाहेर देतं का, हे त्याचं म्हणणं. पंत पहिल्या आठवड्यात गेले, तर "कन्हतीया." तिसऱ्या आठवड्यात गेले, तर मोटार जागेवरच नाही. मायाप्पाची बायको केराबाई शांतपणे म्हणाली, "चरायला नेलीया." म्हणजे काय, तर दुरुस्तीनंतर मायाप्पा मोटारीला दोन-चार मैल हिंडवून आणायचा, त्याला ते लोक असं म्हणत. पंतांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परत आली ती मोटार, मायाप्पा उतरला, आणि खिन्न चेहऱ्यानं म्हणाला, "अजून कन्हतीया की वो."

शेवटी पंतांनी वकिलाला शोभेल ते केलं. नोटीस दिली. जाड, दुधी रंगाच्या उंची कागदावर, खाली लाखेची मोहर. अमुक दिवसांत मोटार चालू स्थितीत परत न केल्यास तमुक कलमाखाली, वगैरे. टपालानं, रजिस्टर. त्यालाही तीन आठवडे झाले. उत्तर नाही.

तर असे पंत त्या सकाळी शेडमध्ये शिरले, आणि शिरल्या शिरल्या त्यांना दिसलं ते हे, की मोटारीचं झाकण उघडं, आतले निम्मे अवयव गोणपाटावर मांडलेले, आणि मायाप्पा अंघोळ करून, कपाळाला भंडारा लावून, हात बांधून स्वस्थ बसलेला.

"मायाप्पा! उद्या दसरा!"

"व्हय की. या, बसा."

"बसा काय बसा? उद्या मला वैरागला जायचंय. आणि ही खोलून ठेवलीस?"

"काल सांजच्याला खोलली. लई दिसानं घावलं बगा, कुटं कन्हत हुती ते," मायाप्पाचा चेहरा अगदी फुलला होता. "समदं नीट केलंय. आता निसतं जोडायचं ऱ्हायलंय."

"मग जोड!"

"आज कसं जोडू? आज खंडं पुजलंय." मायाप्पानं कोपऱ्याकडं हात केला.

कोपऱ्यात देवीच्या तसबिरीपुढं पाट मांडला होता. पाटावर पाने, पकडी, हातोड्या, कानशी, सगळं घासूनपुसून ओळीनं ठेवलेलं, प्रत्येकावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूच्या माळा. पंतांची नजर त्यांवरून फिरत फिरत मधोमध आली आणि तिथंच अडकली. सगळ्या हत्यारांच्या मधे, मानाच्या जागी, एक दुधी रंगाचा कागद उभा केला होता. लाखेच्या मोहरेवर कुंकवाचा टिळा.

"ही... ही माझी नोटीस आहे."

"व्हय की," केराबाई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. "तुमचा कागद बी पुजलाय."

"वाचली का नोटीस?"

"हितं कोन वाचनार वकीलसाहेब? पर कागद लई भारी हाय. ह्यांस्नी म्हनलं, एवड्या मोट्या मानसानं मोहोर लावून धाडलाय म्हंजी जपाय पायजे. तवापस्नं देवीपाशीच ठेवलाय."

पंतांनी उपरणं झटकायला हात वर नेला, आणि तसाच खाली आणला. एवढ्या वर्षांच्या वकिलीत त्यांनी शेकड्यांनी नोटिसा दिल्या होत्या, काही फाडल्या गेल्या, काहींना उलट नोटिसा आल्या. पूजा कुणी केली नव्हती. पण मोटारीचा प्रश्न उरलाच. त्यांनी घसा खाकरला आणि वकिली सुरू केली. अरे मायाप्पा, पाने फिरवणं म्हणजे काही लढाई नव्हे. अरे, देवीला काय कळत नाही का, गरज कुणाची आहे ती? अरे, मोटार चालू करणं हीच तिची पूजा. मुद्दे चांगले होते, कोर्टात चालले असते. मायाप्पानं सगळं मान हलवत ऐकून घेतलं.

"बरं," तो म्हणाला. "उचलतो पाना. तुमी कागदावर लिवून द्या, का नवमीला हत्यार उचलाय म्या वकिलानं सांगितलं म्हून. देवीनं इचारलं तर दावीन."

"देतो! आत्ता देतो!" पंतांचा हात झपकन कोटाच्या खिशात गेला.

खिसा रिकामा. हात आतच राहिला.

"पेन इसरलं व्हय?" केराबाई भाबडेपणानं म्हणाली. "शेजारच्या दुकानातनं शिसपेन्शील आनू?"

पंतांना डोळ्यांपुढं स्वतःचं देवघर दिसलं, पेनावरचं फूल दिसलं, आणि तो दुधनीचा अशील मुकाट्यानं पायऱ्या उतरताना दिसला. चार ओळींचा अर्ज होता. त्यांनी रिकामा हात खिशातून बाहेर काढला.

"नको," ते शेवटी म्हणाले. "आज लेखणी पूजेत आहे."

मायाप्पा हसला असता तरी चाललं असतं. पण तो हसला नाही. त्यानं नुसती घोंगडी झटकून पुढं सारली, आणि पंत, आयुष्यात पहिल्यांदा, त्या शेडमध्ये खाली बसले. केराबाईनं चहा दिला. चहा इतका गोड होता की दात शिवशिवले.

"वैरागला काय काम हाय एवडं?" तिनं विचारलं.

पंतांनी सांगितलं. नागपंचमी, ओढा, बोचकं, सगळं सांगितलं. एरवी ते असल्या माणसांपुढं घरच्या गोष्टी काढणारे नव्हेत, पण त्या दिवशी त्यांचा जोरच गेला होता. केराबाईनं पदर तोंडाला लावला. "आगं बया. मंग पोरगीचं काय पत्र बित्र?"

पंतांच्या आतल्या खिशात पत्र होतंच, दहा दिवस तिथंच होतं. त्यांनी ते काढून वाचून दाखवलं. "तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार. इकडील सर्व कुशल. आपले दसऱ्यास येण्याचे पत्र पोचले. सौभाग्यवती आईस सांगावे की मी आता भाकरी नीट थापते. सासूबाईंची तब्येत बरी आहे..." आणि पंत थांबले.

"आनि?"

"आणि... झालं."

"खाली आनि एक वळ दिसतीया की," केराबाई म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोळे होते.

पंतांनी पत्राची घडी घातली आणि खिशात टाकली. मायाप्पा उठला, मोटारीपाशी गेला, तिच्या नाकाडावर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग बाह्या वर सारल्या.

"हत्याराला हात लावनार न्हाय," तो म्हणाला. "पर हाताला काय झालंय? हात काय पुजल्याले न्हाईत. बोटांनी जोडतो. बोटानं जेवडं आवळंल तेवडं आवळंल. उद्याच्याला उजाडताना दारात आनतो. मी बी येतो संगं, वाटंत काय झालं तर."

दसऱ्याला गिरण्यांचे भोंगे बंद, त्यामुळं गावाला उशिरा जाग आली. पण शुक्रवार पेठेला मायाप्पाच्या हॉर्ननं उठवलं. मोटारीला झेंडूच्या माळा, आंब्याची पानं, आणि मागच्या बैठकीवर एक वेताची पाटी. पाटीत सगळी हत्यारं, हळदकुंकवासकट, माळांसकट, आणि वर ती नोटीस. केराबाईनं पुजलेलं सगळं जसंच्या तसं भरून दिलं होतं. मायाप्पाच्या घरची रीत अशी, की दसऱ्याला शिलंगण झाल्याशिवाय आणि आपट्याचं पान वाहून उत्तरपूजा झाल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही. "पाटी सांबाळून धरा," त्यानं पंतांना सांगितलं. "पाय लागू देऊ नगा."

गिरिजाबाईंनी करंज्यांचा डबा दिला, आणि हळूच म्हणाल्या, "अहो, सर्व्हिसची मोटार नसली तरी बैलगाडी मिळेल हो अजून."

"स्वतःची मोटार असताना?" पंत म्हणाले, आणि मांडीवर पाटी घेऊन बसले.

मोटार निघाली. बोटांनी आवळलेली मोटार ती, मायाप्पा तिला गाभण म्हशीसारखी जपून चालवत होता. सायकलवाले मागून येऊन पुढं जात होते. पण कन्हत नव्हती! पंतांनी कान देऊन ऐकलं. साहेबाकडून घेतल्यापासून तिच्या पोटात जी बारीक घरघर होती, ती गेली होती. "खरंच नीट केलीस की रे," ते म्हणाले. मायाप्पाचे कान लाल झाले. वडाळ्याचा ओढा आला, पंतांनी डोळे मिटून घेतले, आणि उघडले तेव्हा ओढा मागं पडला होता. त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी डबा उघडून मायाप्पाला करंजी दिली.

वैराग दोन मैलांवर राहिलं. देवळाचा कळस दिसायला लागला. पंतांनी टोपी नीट केली, उपरणं नीट केलं, हॉर्नचा रबरी फुगा एकदा हळूच दाबून पाहिला. आणि तेवढ्यात पुढून फुस्स झालं, वाफेचा लोट उठला, आणि मोटार रस्त्याच्या कडेला जाऊन थांबली.

मायाप्पानं झाकण उघडून पाहिलं. "नळीच्या जोडाचं नट ढिलं झालं. मधला कागद फाटला. पानी समदं गेलं." नळीची दोन तोंडं जिथं जुळतात तिथं जाड कागदाची चकती बसवतात, ती फाटली होती. बोटांनी आवळलेलं शेवटी किती टिकणार?

"मग बसव! पान्यानं आवळ!"

मायाप्पानं पाटीकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं. "शिलंगण तिसऱ्या प्रहराला आस्तंय."

आणि इथं यज्ञेश्वरपंत वकील आयुष्यातला सर्वांत चांगला खटला लढले, असं माझं मत आहे. त्यांनी पाटी अलगद खाली ठेवली. "मायाप्पा, शिलंगण म्हणजे काय? गावाची शीव ओलांडणं. बरोबर? सोलापूरची शीव आपण ओलांडली की नाही? एक सोडून दहा गावांच्या शिवा ओलांडल्या आज. आणि ह्या हत्यारांनी ओलांडल्या. पाटीत बसून का होईना, त्यांचं शिलंगण तुझ्या-माझ्या आधी झालं."

मायाप्पा विचारात पडला. डोकं खाजवलं. "ते बी खरं," तो म्हणाला. "पर आपटा?"

आपटा शोधावा लागला. पंत धोतराचा सोगा खोचून बांधाबांधानं हिंडले, काट्यात उपरणं फाडून घेतलं, आणि मूठभर पानं घेऊन विजयी मुद्रेनं परत आले. केराबाईनं पाटीत अक्षतांची पुडी टाकली होतीच. मग रस्त्याच्या कडेला, धुरळ्यात, पंतांनी पानापकडींची उत्तरपूजा सांगितली. निम्मे मंत्र विसरले होते, ते त्यांनी दुसऱ्या पूजांतले घालून भागवले. शेवटी देवीला पुन्हा ये म्हणून विनवलं, अक्षता टाकल्या, आणि मायाप्पानं पाया पडून पाना उचलला.

"आता जाड कागद पायजे," तो म्हणाला. "चकतीला."

जाड कागद दोघांनाही दिसत होता. मायाप्पा त्याच्याकडं बघून लगेच दुसरीकडं बघायला लागला. पंतांनी नोटीस उचलली. दुधी, भक्कम कागद. मोहरेवरचं कुंकू अजून तसंच होतं. त्यांनी तिची मोहर तोडून पाटीत ठेवली आणि कागद मायाप्पाच्या हातात दिला.

"काप," ते म्हणाले. "उत्तरपूजा झालीय तिची."

"न्हाय न्हाय, वकीलसाहेब, तुमचा कागद..."

"काप म्हणतो ना. एवढ्या कामाला तरी येऊ दे."

मायाप्पानं कागदातून गोल चकती कापायला घेतली. इंजिन निवायला हवं, विहिरीवरून पाणी आणायला हवं, जोड खोलून पुन्हा आवळायला हवा. दीड-दोन तास सहज. पंत सवयीनं मोटारीच्या पायरीवर जाऊन बसले. बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं, की नागपंचमीला आपण अगदी असेच बसलो होतो. ह्याच पायरीवर, ह्याच अंगाला, असेच गुडघ्यांवर हात ठेवून. आणि त्या वेळी पोरगी उंबऱ्यात बसली होती.

त्यांनी खिशातून पत्र काढलं. ती खालची ओळ काल वाचली नव्हती, दहा दिवस ते ती टाळून पत्र वाचत होते. त्या ओळीचा त्यांना राग आला होता, खरं सांगायचं तर अपमान वाटला होता. आता त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"नाना, मोटारीने येऊ नका. नुसते या."

मायाप्पाची कात्री थांबली. त्यानं पंतांकडं पाहिलं नाही. "मंग हितं कशाला बसलाय?" तो म्हणाला. "मोटर मी आनतो की मागनं. पोरीचा बाप काय मला आनता यायचा न्हाय."

पंत उठले. करंज्यांचा डबा घेतला, आणि चालायला लागले. एकदाही मागं वळून पाहिलं नाही, आणि हे त्यांना किती जड गेलं असेल ते मोटार बाळगणाऱ्यालाच कळेल. दोन मैल ऊन तापलेलं. अर्ध्या वाटेत वहाणेचा अंगठा तुटला, मग वहाणा हातात. वैरागच्या आळीत शिरले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत धुरळ्यानं भरलेलं, उपरणं फाटकं, बोटांना हळद आणि वंगण. दारात कुणी जमलेलं नव्हतं. कुणी वाट बघत नव्हतं.

दार विहीणबाईंनी उघडलं. "अगंबाई, व्याही! चालत?" जीभ सरावानं पुढं काहीतरी बोलायला निघाली होती, पण पंतांचे अनवाणी पाय दिसले आणि त्या गप्प झाल्या. "थांबा, पाणी आणते पायांवर," एवढंच म्हणाल्या, आणि स्वतः आत गेल्या. पुरुषमंडळी शाळेतल्या सरस्वतीपूजनाला गेली होती.

प्रभा मागच्या दारी भांडी घासत होती. साधं घरातलं लुगडं, हाताला राख. ह्या खेपेला तिनं नवं लुगडं नेसलं नव्हतं, बोचकं बांधलं नव्हतं. बांधायचं नाही असं तिनं ठरवलंच होतं, म्हणजे सोडावं लागत नाही. चाहूल लागली म्हणून ती ओसरीवर आली, आणि तशीच उभी राहिली. मग सवयीनं तिची नजर बापाच्या खांद्यावरून मागं, रस्त्याकडं गेली. रस्ता रिकामा होता.

"नाना, मोटार?"

"येईल मागून," पंत म्हणाले. "तू लिहिलं होतंस ना, नुसते या म्हणून. आलो. त्याही दिवशी यायला हवं होतं गं मी. तीन गाड्या गेल्या माझ्यासमोरून. चुकलं माझं."

एवढ्या मोठ्या वकिलानं असं कबूल केलेलं त्या ओसरीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि प्रभानं तर नाहीच नाही. ती राखेच्या हातांनीच पुढं आली आणि बापाच्या छातीशी डोकं टेकून लहानपणी रडायची तशी रडली. पंतांच्या कोटावर राखेचे दोन पंजे उमटले. विहीणबाई तांब्या घेऊन आल्या, ते पाहिलं, आणि तांब्या अलगद खाली ठेवून परत आत गेल्या. आत जाऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं, आणि सुनेचं बोचकं बांधायला घेतलं. नवं लुगडं त्यांनी स्वतः वर ठेवलं.

पंतांनी पाय धुतले. प्रभानं देव्हाऱ्यातलं आपट्याचं पान आणून त्यांच्या हातावर ठेवलं, "सोनं घ्या नाना," म्हणाली, आणि वाकून नमस्कार केला. मग दोघं ओसरीवर बसले. ती भाकरीचं सांगत होती, पहिल्या पंधरा कशा जळल्या आणि सासूबाईंनी त्या कशा गुपचूप म्हशीला घातल्या ते. पंत ऐकत होते.

चहा आला, तेवढ्यात आळीच्या टोकाला हॉर्न वाजला. जोरात, लांबलचक, सगळ्या आळीच्या खिडक्या उघडतील असा. आत पळी पडल्याचा आवाज झाला. "मोटार! व्याह्यांची मोटार!" विहीणबाई ओरडत बाहेर धावल्या, त्यांच्यामागून शेजारपाजार धावलं. मोटार झेंडूच्या माळा मिरवत, न कन्हता, दारापुढं येऊन उभी राहिली. मायाप्पा उतरला, आणि अभिमानानं नाकाडावर हात ठेवून, पंत बाहेर येतायत का म्हणून बघायला लागला. दोन महिने पंतांनी ह्याच क्षणासाठी जीव टाकला होता. ते उठायला लागले.

प्रभानं त्यांचा कोट धरला.

"वाजू दे की नाना," ती म्हणाली. "तुम्ही आधी चहा घ्या."

पंत खाली बसले, आणि त्यांनी चहा घेतला.